ब्रेकचे दोन बोल्ट

चकाचक मिस्त्रींचं गंजाशी वैर होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. मोटारसायकली दुरुस्त करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी तरी गंजलेले बोल्ट काढण्यात गेली असतील. पाना लावावा तर बोल्टचं डोकं गोल होणार. जोर करावा तर डोकं हातात येणार आणि धड इंजिनात राहणार. मग ड्रिल आणा, भोक पाडा, आटे सांभाळा, दुपार घालवा. वर गाडीवाला विचारणार, एका बोल्टाला एवढा वेळ? ऐकून ऐकून मिस्त्रींच्या नाकावर राग मुक्कामालाच आला होता.

मग त्यांना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट मिळाले आणि माणूस पार बदलला. कुठलीही गाडी दारात आली की मडगार्डचे, नंबरप्लेटचे, इंजिनाच्या झाकणाचे जुने बोल्ट निघायचे आणि नवे, आरशासारखे बसायचे. काम निगुतीचं, त्यात शंका नको. स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भोकात कोरडा बसवला तर पुढे जन्मात सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आट्यांना ग्रीस चोपडल्याशिवाय ते एकही बोल्ट लावत नसत. तीन वर्षांनी पाना लावला तरी लोण्यातून सुरी निघावी तसा बोल्ट बाहेर यायचा. चकाचक हे नाव लोकांनी थट्टेने पाडलं होतं, पण त्यांनी ते मिरवायला सुरुवात केली. काढलेले जुने बोल्ट ते बरणीत ठेवायचे आणि बरणीवर गाडीचा नंबर आणि मालकाचा फोन लिहायचे. ज्याची वस्तू त्याची, उद्या मागायला आला तर?

इथवर सगळं बरोबर होतं. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण ध्यास लागलेला माणूस थांबतो कसला.

पुढच्या चाकाचा ब्रेक शॉकपला, म्हणजे धक्के झेलणाऱ्या नळीला, दोन बोल्टांनी धरलेला असतो. ते कंपनीचे बोल्ट काळपट, लवकर गंजणारे, मिस्त्रींच्या डोळ्यांत खुपणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते हातात घेऊन डोक्यावरचे आकडे वाचले. कंपनीच्या बोल्टावर १०.९ आणि स्टेनलेसवर ७०. दहा कुठे आणि सत्तर कुठे! मिस्त्री खूश झाले. चकाकी तर मिळतेच, वर ताकद सातपट. त्यांनी ब्रेकलाही स्टेनलेस लावायला घेतलं. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

विचारायला माणूस घरातच होतं, हा यातला विनोद. त्यांच्या बायकोने बोल्टच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली होती. पण नवरा गॅरेजचं घरी बोलायचा नाही आणि ती विचारायची नाही. बायकोकडून बोल्ट शिकायचा म्हणजे मिस्त्रींना हातात बांगड्या भरल्यासारखंच वाटलं असतं.

मग एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टर गाडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, ब्रेक दाबला की पुढे टक्‌ असा आवाज येतो. कामावर जाताना जीव मुठीत धरून जाते मी." मिस्त्रींनी ब्रेक उघडला. वरचा बोल्ट मध्यभागी ताणून बारीक झाला होता आणि किंचित वाकलाही होता. अजून थोडे दिवस गेले असते तर तुटलाच असता. सिस्टरना ते काहीच बोलले नाहीत. बरणीतले सिस्टरच्याच गाडीचे जुने बोल्ट साफ करून लावले आणि त्यांना वाटेला लावलं.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी एक बोल्ट खिशात घालून घरी नेला. बायको भाजी चिरत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला, बोल्ट बघितला.

"कुठला हा?"

"ब्रेकचा."

"ब्रेकला हा लावलात?" तिने सुरी खाली ठेवली. "अहो, हे आकडे एका मापाचे नाहीत. १०.९ म्हणजे हजाराचा भार, आणि हा सत्तर म्हणजे सातशेचा. त्यातून हा ताण आला की आधी लांबतो. नंबरप्लेटला लावा, पन्नास वर्षं राहील. ब्रेकला कोण लावतं?"

"आकडा मोठा होता."

"एकदा विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का?"

मग तिनेच विचारलं, "किती गाड्या?" ब्रेकचे बोल्ट ठेवलेल्या बरण्या, सिस्टरची धरून, मोजल्या तर सव्वीस निघाल्या. सव्वीस माणसं, आणि त्यांच्या मागे बसणारी वेगळीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून कंपनीचे नवे बोल्ट आणले आणि फोन लावायला घेतले. पण खरं सांगायला जीभ रेटेना. "गाडी एकदा बघून देतो, फुकट," एवढंच ते म्हणायचे. लोक म्हणायचे, "अहो, गाडी झकास चाललीय तुमच्या कृपेने, येतो सवडीने." चार दिवसांत सात जण आले. बाकीचे तसेच, त्याच दोन बोल्टांवर, उतारावरून भरधाव खाली. मिस्त्रींना घास गोड लागेना.

पाचव्या दिवशी त्यांनी पोस्टमनला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. "माझी चूक झालीय. ब्रेकला चुकीचे बोल्ट लावलेत मी. गाडी चालवू नका, ढकलत आणा." पोस्टमन अर्ध्या तासात हजर. आणि पोस्टमनला कळलं म्हणजे सगळ्या रस्त्याला कळलं. समोरच्या टायरवाल्याने हसून घेतलं. दोघांनी शिव्या घातल्या, एकाने गाडी कायमची दुसरीकडे नेली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. तोंडावर बोलणाऱ्याचं त्यांना बरं वाटलं, हेच नवल. पुढच्या आठ-नऊ दिवसांत सतरा गाड्या झाल्या.

जेवताना बायकोने हिशेब मांडला. "सिस्टर एक, सात मिळून आठ, सतरा मिळून पंचवीस. एक कुठली राहिली?"

मिस्त्रींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"जावयांची?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, हे जास्त वाईट. "मागे आपली लेक बसते. मध्ये चार वर्षांची नात. आणि ती गाडी सगळ्यात शेवटी?"

जावई माणूस सरळ होता. ऑफिसात कुणी गाडीचं कौतुक केलं की म्हणायचा, सासऱ्यांच्या हातची आहे, डोळे मिटून चालवा. त्या माणसासमोर चुकलो म्हणायचं मिस्त्रींच्या जिवावर आलं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दिवस गेले. जावई गाडी हळू चालवतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

ते ताटावरून उठले आणि पाना-बोल्ट पिशवीत घालून संध्याकाळचीच बस धरली.

लेकीच्या दारात गाडी उभी होती. सीटवर धुळीचा थर होता. जावई नुकताच बसमधून उतरून आला असावा, तिकीट अजून हातात होतं.

"आठ दिवस झाले गाडी बंद ठेवलीय," लेक म्हणाली. "पोस्टमनकाका इकडेही टपाल घेऊन येतात, सगळीकडे सांगत होते. हे बदलून आणणार होते दुसरीकडून. मीच थांबवलं. म्हटलं, बाबा स्वतः येतील. रोज वाट बघितली."

"लाज वाटली गं," मिस्त्री म्हणाले.

"पोस्टमनकाकांसमोर नाही वाटली?"

मिस्त्री खाली बसले, ब्रेक उघडला. दोन्ही बोल्ट सरळ निघाले, काही झालं नव्हतं त्यांना. मिस्त्रींनी नवे बोल्ट बसवले, आवळले, चाक फिरवून ब्रेक दाबून बघितला आणि उठून हात पुसले.

"झालं," ते म्हणाले.

"पाना द्या जरा, बाबा," जावई म्हणाला. तो गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही बोल्ट, आधी वरचा, मग खालचा, स्वतः आवळून बघितले. सात वर्षांत त्याने हे कधी केलं नव्हतं. मिस्त्री बाजूला सरकले आणि त्याला नीट दिसावं म्हणून बॅटरी धरून उभे राहिले.