आधी डाग, मग हिरा

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे 'डागकाका' म्हणतात. हिऱ्यांना पैलू पाडण्यात उभा जन्म गेला. दगड हातात आला की भिंगातून डाग हुडकायचा आणि आधी तोच चाकावर घासून टाकायचा, ही ह्यांची रीत. घरीही तेच. बशीचा टवका उडाला तर तो ह्यांना माझ्याआधी दिसतो, आणि मग ती बशी ह्यांना चालत नाही.

गेल्या महिन्यात मालकांनी ह्यांना पहिल्यांदाच गुलाबी हिरा दिला. "काका, हा नीट उतरला तर यापुढचे गुलाबी तुमच्याच चाकावर. नाहीतर..." चाकं कमी करायचं, म्हणजे माणसं काढायचं चाललंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हिऱ्याच्या कडेला काळा ठिपका होता. शेजारच्या चाकावरचा कारागीर म्हणाला, "काका, जरा दमानं. रंग कुठे बसलाय ते बघा तरी."

"सगळीकडे आहे की! डोळे आलेत का तुझे?"

"झालं! तुमचं आपलं आधी डाग."

चाकावर दगड तेलानं, भुकटीनं काळवंडलेला असतो. रंग कळत नाही. ठिपका गेल्यावर ह्यांनी हिरा धुऊन कागदावर ठेवला. पाण्यासारखा पांढरा.

त्या संध्याकाळी ताट तसंच राहिलं. मग मला सांगत बसले. गुलाबी हिऱ्यात वेगळा रंग असा काही मिसळलेला नसतो म्हणे. जमिनीच्या पोटात दाब पडतो, दगड फुटत नाही, आतल्या आत थराथरानं सरकतो. सरकला तिथे गुलाबी रेघा, मधली जागा कोरी. या हिऱ्यातल्या रेघा सगळ्या ठिपक्यापाशीच दाटल्या होत्या. उजेडाबरोबर त्यांचाच रंग दगडभर फिरत होता.

"परत नाही का यायचा?"

"तो दाब कोण देणार? मी?"

"देवाच्या मनात असेल तर..."

"देवानं त्याचं काम केलं होतं गं. मी घासून टाकलं."

मी ताट झाकून ठेवलं.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आज ह्यांचं चाक उचलून नेलं. मी देवापुढे बसले, पण काय मागावं तेच सुचेना. उठून चहा केला. गडबडीत टवक्याची बशी हाताला लागली आणि तीच पुढे ठेवली गेली.

ह्यांनी तिच्यात चहा ओतला आणि पिऊन टाकला.