रंगाखालची भेग

“पूजा झालेल्या मशीनला चाकू लावायलात, साहेब?” असं म्हणत मारोती माझ्या आणि खांबाच्या मधे येऊन उभा राहिला.

ही गोष्ट मानवतच्या एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीतली, सत्तरच्या दशकातली. मी तेव्हा परभणीत राहून आसपासच्या जिनांची मशिनरी तपासायचो. आदल्या दिवशी दसरा झाला होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या आणि शेठजींना दुपारी मुहूर्ताची पहिली गाठ काढायची होती. गाठ म्हणजे सरकी काढलेली रुई दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला ठोकळा.

ज्या प्रेसमध्ये ही गाठ दाबतात तिला चार जाड पोलादी खांब होते, वर-खाली नटांनी आवळलेले. दाब चढला की सगळा ताण या खांबांवर यायचा. पट्ट्या बांधायचं काम मारोतीचं. दाब असतानाच त्या बांधाव्या लागतात, त्यामुळे तो खांबापासून हातभर अंतरावर उभा असायचा. खांब तुटला असता तर त्याला मान वळवायलाही सवड मिळाली नसती.

आणि खंडेनवमीला प्रेस धुऊन, रंगवून तिची पूजा करण्याचा मानही त्याचाच. रंग दरवर्षी नवा. यंदा पिवळा होता, चकचकीत. पण एका खांबाच्या गळ्याशी, नटाच्या लगेच खाली, त्या पिवळ्यातून गंजाचा तांबूस ओघळ आला होता. धुताना पाणी कुठेतरी आत शिरलं होतं. पोलादात पाण्याला शिरायला जागा असता कामा नये, म्हणून मी चाकू काढला होता.

शेठजींचं म्हणणं, डाग असेल. मी मारोतीला म्हटलं, मी हात लावत नाही, तूच खरवड. त्यानं आधी खांबाला नमस्कार केला, मग नाइलाजानं पत्र्याचा तुकडा घेतला. खाली उघडं पोलाद लागलं. डोळ्यांना तिथं काहीच दिसेना. मी रॉकेल चोळलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड कालवून लावली. ती वाळल्यावर खांबावर हातोडी ठोकली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. ती अर्ध्याहून जास्त घेराभोवती गेली होती.

“केसाएवढी तर हाय,” शेठजी म्हणाले. “मुहूर्तापुरत्या गाठी काढू, मग बदलू.”

शेठजींचं बाजारात कापडाचं दुकानही होतं. मी विचारलं, “कापड फाडताना आधी कात्री कशाला लावता?”

कात्रीनं बोटभर कापलं की पुढचं कापड नुसत्या हातानं टर्रकन फाटतं, हे त्यांना मी काय सांगणार?

पोलादही रबरासारखं ताणलं जातं, फक्त ते नजरेला कळत नाही. ताण सुटला की मूळ लांबीवर येतं. ताणलेलं असताना त्यात जोर साठलेला असतो. भेग असली की आजूबाजूचा ताण तिच्या टोकावर येऊन पडतो आणि दर गाठीला टोक किंचित पुढे सरकतं. भेग लहान असते तोवर तिला फाडायला लागणारा जोर जास्त आणि पोलादातून सुटणारा कमी, म्हणून ती थांबते. एका लांबीनंतर हे उलटं होतं. मग साठलेला जोरच तिला फाडत नेतो, एका क्षणात. ती लांबी येईपर्यंत खांब बिनतक्रार काम करत असतो.

हे सगळं सांगूनही शेठजी घड्याळाकडेच बघत होते. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, “काढा गाठ. फक्त पट्ट्या आज तुम्ही बांधा. मारोती तुमच्या गादीवर बसेल.”

शेठजींनी मारोतीकडे पाहिलं. मग फाटकाकडे माणूस धाडून गाड्या थांबवल्या. त्या दिवशी मुहूर्त झाला नाही.

खांब उतरवून परभणीच्या वर्कशॉपात नेला. मारोती हट्टानं सोबत आला. खांब पक्का आवळून मिस्त्रीनं घण घातला. मला वाटलं होतं बराच वेळ लागेल. पहिल्याच घावाला तो दुभंगला. तुटलेल्या तोंडावर ताजं, दाणेदार चमकणारं पोलाद एका बाजूला थोडंसंच होतं. बाकी सगळं काळसर, जुनं. आणि त्या जुन्या भागाच्या बाहेरच्या कडेला, भेगेतून आत झिरपलेल्या हिरव्या रंगाची पुसट किनार.

मारोती कितीतरी वेळ त्या किनारीवर बोट फिरवत राहिला.

“हिरवा गेल्या साली न्हाई, त्याच्याबी आदी दिला होता,” तो म्हणाला. “मंजी तवाबी ही हितंच होती. अन् मी तिलाच कुंकू लावायलो.”

मला फार वाईट वाटलं. त्यानं भक्तीनं केलेल्या कामानंच ती भेग झाकली गेली होती.

पुढच्या खंडेनवमीला मला मुद्दाम बोलावणं आलं. प्रेस निळीशार रंगवली होती, पण चारही खांबांचे गळे उघडे होते, रॉकेलनं पुसून खडू लावलेले. मारोतीनं हातोडी माझ्या हातात दिली. मी एकेक खांब ठोकला. पांढऱ्यावर कुठंच रेघ आली नाही. तेव्हा त्यानं खडू पुसला आणि मग कुंकू लावलं.

मी मात्र तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात शिरलो की नवा रंग कुठे दिलाय ते आधी बघतो.