कोण आहे आत?

बारा मजली कचेरीच्या इमारतीत त्यांना सगळे 'कोण-आहे-काका' म्हणत. काम वायरमनचं. पण सव्वीस वर्षं रोज कचेरी सुटली की ते मजल्या-मजल्यावर जाऊन दिवे घालवायचे, आणि बटणाला हात लावण्याआधी खड्या आवाजात विचारायचे, "कोण आहे आत?" मग मनात दहा मोजायचे. फार पूर्वी एक टंकलेखिका बाथरूममध्ये अंधारात सापडून किंचाळली होती, तेव्हा लागलेली ही सवय. लोक नकला करत. कोणी आतून "भूत!" म्हणून ओरडे. काका म्हणत, "भुता, घरी जा. बायको वाट बघतेय."

मग इमारतीत आपोआप लागणारे दिवे आले. छतात अंगठ्याएवढा सेन्सर. हालचाल दिसली की दिवा लागणार, वीस मिनिटं काही हललं नाही की जाणार. काकांना वाटलं, आता आपल्या पोटावर पाय आला. झालं उलटंच. साहेबांनी त्यांनाच शिकवून सगळ्या सेन्सरचं कारभारीपण दिलं. वीज वाचवा, एवढंच मागणं. काकांना तर चेवच चढला. वीस मिनिटांची दहा केली, तळघरातल्या रेकॉर्ड रूमची पाच. फेरी बंद, हाकही बंद. अंधार म्हणजे आत कोणी नाही, इतकं सोपं असताना घसा कोण कोरडा करणार?

रेकॉर्ड रूम सांभाळायचा त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

"भावजी, जरा कागद वाचत बसलो की तुमचा दिवा मला जमेतच धरत नाही," तो कुरकुरायचा. "शाळेतल्यासारखा हात वर करावा लागतो."

"मग बसतोस कशाला? हातपाय हलव, तब्येत सुधारेल."

मेहुण्याची खोडी काढली की काकांना जेवण गोड लागायचं.

त्या दिवशी दुपारी तीनला ते साहेबांना तळघर दाखवत होते. रेकॉर्ड रूमच्या दाराच्या काचेआड मिट्ट काळोख. "बघा साहेब," काका छाती फुगवून म्हणाले, "माणूस गेला की दिवा गेला!" साहेबांनी पाठ थोपटली. साडेचारला काका पुन्हा तिथूनच गेले, शीळ घालत. काच तशीच काळी. लवकर सटकला वाटतं गडी, असं म्हणून ते हसलेसुद्धा.

साडेपाचला बायकोचा फोन आला. "भाऊ फोन उचलत नाहीये. बघा ना जरा."

काकांनी तळघरात उतरता उतरता नंबर लावला, आणि त्या काळ्या काचेच्या आड फोन वाजला.

त्यांनी दार ढकललं. दिवा लगेच लागला, अगदी शहाण्यासारखा. दोन मांडण्यांच्या मधे मेहुणा कुशीवर पडला होता. डोळे उघडे. तोंड वाकडं. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. सव्वीस वर्षं ज्या गळ्यानं इमारत दणाणून सोडली, तो गळा तेव्हाच बसला. जिना कसा चढले, कोणाला काय सांगितलं, यातलं त्यांना आजही काही आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, जेवणानंतर लगेचच अर्धांगवायूचा झटका आला असावा. दोन तास आधी आणलं असतं तर उजवी बाजू वाचली असती. बायको ऐकत होती. ती भावाचा निर्जीव उजवा हात चोळत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मेहुण्याला थोडं बोलता यायला लागलं. काका उशाशी बसून त्याला चमच्यानं पाणी पाजत होते.

"ऐकलं मी," तो अडखळत म्हणाला. "माणूस गेला... दिवा गेला."

काकांनी चमचा खाली ठेवला.

"हात वर करत होतो, भावजी. होईना. म्हटलं, थांबावं. आता तुम्ही विचाराल."

"काय विचारीन?"

"कोण आहे आत."