पेण स्टँडचे डोळे नि कान

मिठागरात खाडीचं पाणी घेतात आणि उन्हात सोडून देतात. पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. भीतीचंही तसंच होत असावं. मुंबईवर तो हल्ला झाला तेव्हा पेणच्या स्टँडवर आम्ही सगळे खरोखर घाबरलो होतो. आज इतक्या वर्षांनी ती भीती कुठे उडून गेली कोण जाणे, पण किस्से मात्र पोतं भरून उरलेत. दोन जुने ड्रायव्हर भेटले की पोत्याचं तोंड सुटलंच म्हणून समजा!

मी तेव्हा पेण-वडखळ लायनीवर सहा सीटर रिक्षा चालवायचो. स्टँडच्या बाहेर आमची रांग लागायची. रांगेत मान काशीनानांचा, कारण ते वयानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. मग हमीदभाई, मग मी, आणखी दोघं-तिघं आणि बाळ्या. बाळ्याची गाडी नवी होती आणि तोंड कायम चालू.

*

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. काशीनानांची मुलगी सुरेखा मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स. रात्रीपासून ती फोन उचलत नव्हती. आम्ही म्हटलं, "नाना, आज घरीच थांबा."

"घरात बसून टीव्ही बघू? त्यापेक्षा गाडी मारतो," नाना म्हणाले आणि नंबर लावला.

एरवी नानांच्या गाडीत कुणी समोरच्या सीटवर पाय ठेवला की गाडी जागेवर उभी! "हा काय तुमच्या घरचा दिवाण हाय?" असं विचारल्याशिवाय ते पुढे जायचे नाहीत. त्या दिवशी एक जण चिखलाच्या चपलांसकट पाय पसरून बसला, आणि नाना काहीच बोलले नाहीत. टीव्ही बघून वाटली नव्हती एवढी भीती आम्हाला ते बघून वाटली.

दुपारी नानांच्या खिशातला फोन वाजला. "सुरेखा! बाय गो, कशी हायस तू?" ते ओरडले. सगळा स्टँड गप्प. नानांनी थोडं ऐकलं आणि फोन खाली घेतला. डोळ्यांत पाणी.

"काय झालं नाना?"

"ओरडली माझ्यावर! म्हनाली, बाबा, वॉर्ड भरलाय, सारखे फोन काय करता? आधी जेवून घ्या! अरे, ओरडली! म्हंजे धडधाकट हाय पोरगी!"

मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, मागे वळले आणि पहिल्याच प्रवाशावर खेकसले, "पाय खाली घ्या आधी!"

स्टँड पुन्हा सुरू झाला.

*

आठवडाभरात फौजदारसाहेबांनी आम्हा सगळ्या ड्रायव्हरांची मीटिंग घेतली. साहेब तरुण होते, नवीनच बदलून आले होते आणि भाषण पाठ करून आले होते.

"मित्रांनो, पोलीस सगळीकडे पुरे पडत नाहीत. आजपासून तुम्ही आमचे डोळे, तुम्ही आमचे कान!"

टाळ्या पडल्या. बाळ्यानं हात वर केला. "साहेब, डोळे आमी, कान आमी. मग तोंड कोन?"

साहेबांनी बाळ्याकडे नीट बघून घेतलं. "तोंड कोणीच नाही. तुम्ही तर अजिबात नाही!"

*

बाळ्यानं पुढचं सगळं विसरून 'डोळे' तेवढे लक्षात ठेवले. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो तपासायला लागला. नुसतं बघायचं तर बघ! पण हा पिशवी दाबून बघायचा.

एक मावशी लेकीकडे वडखळला निघाल्या होत्या. मांडीवर मोठी पिशवी. बाळ्यानं विचारलं, "काय हाय यात?" आणि उत्तर यायच्या आत दाबली.

कर्रर्र!

आत पोह्याचे पापड होते. सगळ्या उन्हाळ्यात लाटलेले, लेकीच्या सासरी द्यायला जपून ठेवलेले.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "झाली तपासणी? आता वडखळला उतरलो की माझ्याबरोबर वर लेकीच्या घरात चल आणि माझ्या विहीणबाईंना सांग, पापड कुनी मारले ते!"

आणि खरंच घेऊन गेल्या हो त्याला! बाळ्या जिने चढून गेला, कबुली दिली, चहा पिऊन आला. त्यानंतर तो पिशवीला हात लावायचा नाही. लांबून नुसता वास घ्यायचा!

*

एका दुपारी स्टँडच्या बाकाखाली पोतं दिसलं. ओलं, तोंड सुतळीनं आवळलेलं, जवळपास कुणी नाही.

बाळ्याच ओरडला, "हाललं! आयशप्पत, पोतं हाललं!"

पाच मिनिटांत स्टँडचा तो कोपरा मोकळा. फौजदारसाहेब आले, दोरी बांधली, "सगळे मागे व्हा!" म्हणून ओरडले. लोक दोन पावलं मागे गेले आणि तीन पावलं पुढे आले. बॉम्ब असो की तमाशा, पेणच्या माणसाला दिसलं पाहिजे!

तेवढ्यात गर्दीतून हिराबाई घुसल्या. खाडीकाठच्या गावातून रोज बाजाराला येणाऱ्या, दणकट बाई. तंबाखू घ्यायला गेल्या होत्या.

"बाई, मागे व्हा! त्या पोत्यात काय आहे आम्हाला माहीत नाही!" साहेब म्हणाले.

"मना म्हाईत हाय ना! माझ्या चिंबोऱ्या हाईत त्या!"

दोरीखालून वाकून त्या थेट पोत्यापाशी गेल्या, सुतळी सोडली आणि पोत्याचं तोंड साहेबांपुढे धरलं. आत हाताच्या पंजाएवढे काळे खेकडे एकमेकांवर चढत होते.

"पकडा, साहेब! धा-बारा दहशतवादी हाईत. घाला हात!"

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले ते हिराबाई बाजारात जाईपर्यंत सोडले नाहीत.

*

आमचे साडू विलासराव रोह्याला राहतात. केमिकल कंपनीत नोकरी, घर दोन मजली, वरची खोली भाड्यानं. भाडेकरूंवर लक्ष ठेवा असं पोलिसांनी सांगितलं आणि विलासरावांची झोप उडाली. चार दिवसांनी ते पोलीस ठाण्यात हजर.

"साहेब, वरच्या खोलीतली तीन पोरं मला संशयास्पद वाटतात. संध्याकाळ झाली की बाहेर पडतात, सकाळी परत येतात. दिवसभर दार बंद. कुणाशी बोलत नाहीत. आणि साहेब, कपड्यांना केमिकलचा वास!"

तिथले हवालदार जुने, मुरलेले. त्यांनी विचारलं, "कामाला कुठे आहेत?"

"आमच्याच कंपनीत. नाइट शिफ्टला."

"मग वास येणारच की हो!"

"तेच तर सांगतोय, साहेब! मी बारा वर्षं त्याच कंपनीत आहे. माझ्या कपड्यांना कधी वास नाही आला!"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मग विलासराव, पोरांचं सोडा. तुमचीच चौकशी करायला पाहिजे. बारा वर्षं तुम्ही तिथे करता काय?"

*

माझी सासुरवाडी खाडीकाठची. हल्लेखोर समुद्रातून आले होते, त्यामुळे खाडीच्या गावांना पोलिसांनी शिट्ट्या वाटल्या. अनोळखी होडी दिसली की वाजवायची. सासऱ्यांच्या शेजारी धर्माकाका राहायचे. त्यांना शिट्टीचा इतका अभिमान, की आंघोळीलासुद्धा गळ्यातून काढायचे नाहीत.

एका रविवारी भर सकाळी खाडीत होडी दिसली. आत सात-आठ पुरुष, पांढरे कपडे, दोघांना काळे चष्मे, एकाच्या मांडीवर मोठी बॅग. धर्माकाकांनी छातीत होता नव्हता तेवढा वारा शिट्टीत ओतला!

अख्खं गाव धक्क्यावर धावलं. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात काठी, एका काकूंच्या हातात तर रवळी, कारण त्या तांदूळ धूत होत्या. ओहोटी लागलेली. पाहुणे गुडघाभर चिखलात उतरले आणि तिथेच उभे राहिले, कारण वर कुणी येऊ देईना.

"कुठून आलात?"

"पलीकडून."

"रस्ता सोडून होडीनं कशाला?"

"रस्त्यानं फार वळसा पडतो हो."

"बॅगेत काय हाय?"

"पेढे आणि नारळ."

"कुनाकडं जायचंय?"

"धर्मा पाटलांकडे. मुलगी बघायला."

सगळ्या गावानं वळून धर्माकाकांकडे बघितलं. त्यांच्या तोंडात शिट्टी तशीच होती. पाहुणे येणार हे त्यांना माहीत होतं, पण ते रस्त्यानं येणार म्हणून त्यांनी माणूस फाट्यावर उभा केला होता!

मुलाचे वडील चिखलातूनच हात जोडून म्हणाले, "पाटील, आज चौकशी आम्ही करायची होती. ती सगळी तुम्हीच केलीत!"

लग्न ठरलं. वऱ्हाड होडीनंच आलं आणि धक्क्यावर उभं राहून सगळ्या गावानं शिट्ट्या वाजवल्या.

*

मग पोलिसांना वाटलं, लोक खरंच जागरूक आहेत का ते एकदा तपासू. त्यांनी साध्या कपड्यांतल्या माणसाकडून स्टँडवर एक काळी बॅग ठेवली. आत रद्दी. दोन शिपाई टपरीवर चहा घेत लपले. कोण खबर देतं बघायचं होतं.

बॅग आधी काशीनानांनी बघितली. रोह्याची एसटी नुकतीच लागली होती, माणसं चढत होती. नाना स्वभावानं तिखट, पण दुसऱ्याची वस्तू राहिलेली त्यांना बघवत नाही. "अरे, कुनीतरी रोह्याचा पावना बॅग इसरला!" असं म्हणून त्यांनी ती उचलली, कंडक्टरच्या हातात दिली आणि गाडी सुटली. शिपाई चहाचे ग्लास टाकून धावेपर्यंत गाडी वळणापलीकडे!

रोह्याला सगळे प्रवासी उतरले, बॅग उरली. कंडक्टरनं "कुणाची आहे?" विचारलं. कुणाचीच नाही. झालं! रोह्याचा स्टँड रिकामा.

तिथल्या साहेबांचा पेणला फोन. "तुमच्याकडून आलेल्या गाडीत बेवारस बॅग सापडलीय. अत्यंत संशयास्पद!"

आमचे साहेब हळू आवाजात म्हणाले, "ती आमचीच आहे. परतीच्या गाडीनं पाठवून द्या."

"तुमची आहे ना? मग तुम्हीच येऊन उचला! इथे कुणी हात लावायला तयार नाही!"

*

आता शेवटचा सांगतो. हा किस्सा बाळ्या सांगत नाही. इतर सगळं सांगतो, हा नाही.

आमच्या हमीदभाईंची दाढी मोठी, डोक्यावर टोपी. पंचवीस वर्षं त्याच लायनीवर. पेणमधल्या कितीतरी पोरांना त्यांनी शाळेत सोडलेलं. पण हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत एक विचित्र प्रकार सुरू झाला. हमीदभाईंचा नंबर आला, की लोक त्यांच्या गाडीपाशी यायचे, आत डोकवायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. कुणी वाईट बोलायचं नाही. "जरा काम आहे," "मागून येतो," एवढंच. हमीदभाई मात्र फडकं घेऊन समोरची काच पुसत बसायचे. स्वच्छ काच, तीच पुन्हा पुन्हा.

दोन दिवस आम्ही बघितलं. तिसऱ्या दिवशी हमीदभाई नमाजाला गेले असताना काशीनानांनी आम्हाला टपरीवर बोलावलं. चहा झाला. काय बोलणं झालं ते जाऊ दे.

हमीदभाई परत आले. नंबर त्यांचाच होता. सहा प्रवासी आले: एक जोडपं, एक म्हातारे गृहस्थ, दोन कॉलेजच्या मुली आणि बँकेतले एक साहेब. हमीदभाईंची गाडी ओलांडून सगळे बाळ्याच्या गाडीत बसले. बाळ्यानं चावी फिरवल्यासारखं केलं. मान हलवली. "बंद पडली हो. उतरा."

ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, "क्लचची वायर तुटलीय."

माझ्या पुढच्यानं सांगितलं, "डिझेल नाय." त्याच्या पुढच्यानं, "टायर बसलाय." टायर चांगला टणक दिसत होता, पण बघायला कोण वाकतो! शेवटी काशीनाना. बँकेच्या साहेबांनी विचारलं, "तुमची तरी चालू आहे ना?"

"गाडी चालू हाय," नाना म्हणाले. "माझं डोस्कं बंद पडलंय. बसायचं असंल तर बसा!"

कुणी बसलं नाही. साहेबांनी घड्याळात बघितलं. आधी त्या दोन मुली मागे फिरल्या आणि हमीदभाईंच्या गाडीत जाऊन बसल्या. मग म्हातारे. मग बाकीचे. गाडी भरली.

पण हमीदभाई निघेनात! लायनीत कुणाचीही गाडी बंद पडली, की पहिले हात काळे करायचे ते हमीदभाईच. "दो मिनट हां," असं प्रवाशांना सांगून ते खाली उतरले, सीटखालचा पाना घेतला आणि बाळ्याच्या गाडीपाशी आले. बाळ्याचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा बंद!

हमीदभाईंनी चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

"बाळ्या, अरे तुझी गाडी तर फर्स्ट क्लास हाय!"

बाळ्या खाली बघून म्हणाला, "तुमचा हात लागला ना, हमीदभाई."

हमीदभाईंनी इंजिन बंद केलं. रांगेत उभ्या आमच्या सगळ्या गाड्यांकडे बघितलं. मग आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे.

"असं? मग बाकीच्यांना पण लावतो."

आणि पाना खिशात घालून ते रांगेच्या कडेनं चालत गेले. माझ्या गाडीच्या टपावर एक थाप. पुढच्या गाडीवर एक थाप. त्याच्या पुढच्या. काशीनानांच्या गाडीवर जरा जोरात. मग परत आले, आपल्या सीटवर बसले आणि भरल्या गाडीनं वडखळला निघून गेले.