पहिल्या ओळीतला श्री

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं सॉफ्टवेअर मी सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे बिघडलं की मला फोन यायचा. चाललं की मी कुणाची कोण! मालाच्या प्रत्येक गाडीबरोबर तपासणीचा अहवाल एक्सेलमध्ये द्यावा लागे. वेबसाइटवर बटण दाबलं की सर्व्हरवरची स्क्रिप्ट तो तयार करून द्यायची. दसरा झाला आणि ती फाईल उघडेना. डाउनलोड व्हायची झोकात, पण उघडायला गेलं की एक्सेल म्हणायचं, फाईल खराब आहे.

ते बटण दाबणारी बाईही दसऱ्यानंतरच त्या खुर्चीवर आली होती. आधी ती खाली पॅकिंगमध्ये होती, कॉम्प्युटरचा क्लास करून वर ऑफिसात आलेली. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी निकाल लगेच लावून टाकला.

"आधी चालत हुतं न्हवं? मग हीच कायतरी भलतं दाबतीया."

माल पोचायचा, अहवाल उघडायचा नाही, गाडी गिऱ्हाइकाच्या गेटबाहेर ताटकळायची. अण्णांनी तिला बजावलं, आता एक जरी गाडी परत आली तर तू घरी.

म्हणजे तिची नोकरी माझ्या हातात होती आणि माझ्या हाताला काही लागत नव्हतं. स्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचली. एक्सेल बनवणारी लायब्ररी बदलून पाहिली. सर्व्हरवाल्याशी भांडले. मी फाउंड्रीत गेले की ती शेजारी उभी राहायची, चुकून कशाला हात लागू नये म्हणून हात मागे बांधून. मला आधी तिचा राग यायचा, मग स्वतःचा. असली विद्या काय कामाची, असं वाटून मी रडकुंडीला यायचे.

खराब फाईल नोटपॅडमध्ये उघडून मी आधीही पाहिली होती. अगम्य चिन्हांचा नुसता खच, आणि त्याच्या डोक्यावर ॥ श्री ॥. लग्नपत्रिकेवरचा श्री कोण वाचत बसतं? नजर आपोआप खाली घसरते. त्या दुपारी मात्र ती वरच अडकली. एक्सेलच्या फाईलची सुरुवात ठरलेल्या अक्षरांनीच व्हावी लागते, त्यांच्याआधी टिंबसुद्धा चालत नाही. सर्व्हरवाल्याला फोन लावला. खंडेनवमीला भट्टीची, लेथची, कॉम्प्युटरची पूजा झाल्यावर अण्णांनी त्याला सांगितलं होतं, सॉफ्टवेअरलाही वर श्री घाल. त्याने घातला, सगळ्या स्क्रिप्ट जिच्यापासून सुरू होतात त्या फाईलच्या अगदी माथ्यावर. तेव्हापासून वेबसाइटच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात बारीकसा श्री दिसत होता आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मी ती ओळ पुसली. फाईल उघडली. लॅपटॉप घेऊन तशीच शिरोलीला गेले. तिची खुर्ची रिकामी होती.

"अण्णा, तिचं काही चुकलं नव्हतं. तो श्री फाईलच्या आधी जात होता, म्हणून..."

"श्रीनं कुणाचं वाटोळं झालंय व्हय, ताई? आमच्या आज्यापासनं लिवतोय की आमी."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, श्री ठेवून दाखवते, काढून दाखवते. त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काल गाडी परत आली. आज सकाळी तिला काढली. आन् फाईल आजच उघडली. बघा की तुमीच."

फाईल मी दुरुस्त केली होती आणि त्या दुरुस्तीनेच तिच्या माथी दोष कायमचा मारला होता. देवाचं नाव चुकीच्या जागी पडलं हे मान्य करण्यापेक्षा एक बाई चुकली हे मानणं त्यांना फार सोपं होतं.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"ताई, उघडली का फाईल?"

"उघडली."

"बरं झालं बाई. आता तेवढं अण्णांस्नी सांगा की, ते माझ्याकडनं झालं न्हवतं म्हणून. तुमचं ऐकतील ते. सांगताय न्हवं?"

"सांगते," मी म्हणाले.