गॅलिशियाचे पाहुणे आणि गुरुवारचे पाइप्स

आमच्या घरामागे दोन बोळ ओलांडले की एक जुना हॉल आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे गावातल्या पाइप बँडचा, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा, सराव चालतो. बँड आयर्लंडमधला, पण वाद्यं स्कॉटलंडच्या धर्तीची: काखेत पिशवी, खांद्यावर तीन उंच नळ्या आणि बोटांखाली सुरांची चौथी. गेली सोळा वर्षं मी या गावात, डंडॉकमध्ये राहतो, आणि गुरुवारी सात वाजले की घराच्या मागच्या खिडक्या लावून घेतो. बायकोला वाटायचं, मला वारा सोसत नाही. इथे वाऱ्याचं कारण कुणालाही पटतं.

खरं कारण वेगळं आहे. इथल्या हॉस्पिटलात लागलो त्या पहिल्या वर्षी त्या हॉलच्या शेजारीच एका खोलीत राहायचो. जून महिना होता. रात्रपाळी करून जो झोपलो तो संध्याकाळपर्यंत. जूनमधली इथली संध्याकाळ संपता संपत नाही. पडद्यातून पिवळा उजेड झिरपत होता आणि झोपेत मला पुण्याचं घर दिसत होतं. बाबा गच्चीवर टाकीचं झाकण नीट बसवत होते. तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. बाबा गेले होते, आणि मी पोहोचेपर्यंत अंत्यविधी थांबवणं शक्य नव्हतं. फोन ठेवला आणि खाली पाइप्स सुरू झाले. एक संथ, लांबलचक चाल. मी जागा आहे की अजून झोपेतच, हे कितीतरी वेळ कळेना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय? पण तेव्हापासून तो आवाज आणि ती बातमी माझ्यासाठी एकच होऊन बसली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि लेक नेमकी पाइप्सच्याच नादी लागली. अकराव्या वर्षी मैत्रिणीमागोमाग बँडमध्ये गेली. वर्षभर नुसती प्लॅस्टिकची नळी फुंकली, मग बँडने खरे पाइप्स वापरायला दिले. त्यांची काळी पेटी आमच्या जिन्याखालच्या प्रेसमध्ये असते. कपाटाला प्रेस म्हणणं आता माझ्याही तोंडी बसलंय. बँडचा कुठे कार्यक्रम असला की माझी ड्यूटी निघायची. कधी खरोखरच निघायची, बाकीच्या वेळी मी मागून घ्यायचो. घरात ती वाजवू लागली की मला दुधाची आठवण व्हायची आणि मी दुकानात जायचो. इतकं दूध कुणाच्या घरी लागत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चौकात गाण्यांचा मेळा होता. लेक मागे लागली. आमचा बँड नाहीये, पाहुणे आहेत, म्हणाली. स्पेनच्या वरच्या कोपऱ्यात गॅलिशिया नावाचा पावसाळी मुलुख आहे, तिथेही बॅगपाइप वाजवतात. मी जीव मुठीत धरून गेलो.

पाहुणे सातजण होते. खांद्यावरच्या मोठ्या नळीला लाल गोंडे, काखेतल्या पिशवीला मखमलीचं अंगडं. त्यांनी पहिली फुंकर मारली आणि मी जो आक्रसून उभा होतो, तो हळूहळू सैल झालो. हा आवाज माझ्या ओळखीचा निघाला. इकडच्या पाइप्सपेक्षा लहान, गोड, किंचित नाकातला. लग्नघरी सकाळी सनई लागते तसा. मागे सूर धरलेला, पुढे चाल आपल्या दादऱ्यासारखी सहा मात्रांत उड्या मारत चाललेली. दोन बायका डफल्या हातांवर आपटत मधूनच गात होत्या. वाजवणारे एका जागी उभेच राहत नव्हते. गुडघे लवत होते, भुवया उडत होत्या, एकाने वाजवता वाजवता समोरच्या आजीला डोळा मारला.

मनात तुलना सुरू झालीच. आमच्या गावचे बँडवाले गोल करून आत तोंड करून उभे राहतात, ऐकणाऱ्याकडे पाठ. सूर सगळ्यांचे एकसारखे, इस्त्री केलेले. त्यात डोंगर असतो, धुकं असतं, निरोप असतो. इथे मात्र कुणीतरी दार उघडून आत बोलावत होतं. माझ्या पायांनी ताल कधी धरला ते मला कळलं नाही. आभाळ खाली आलं होतं, भुरभुर लागली होती, आणि मी डंडॉकच्या चौकात टाळ्या वाजवत गोल गोल फिरत होतो. इतका आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

अन् त्या आनंदातच मी माती खाल्ली. शेजारी लेक होती, बँडमधल्या तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मी म्हणालो, "बघ, याला म्हणतात वाजवणं. तुमचं आपलं नुसतं रडगाणं."

आमच्या घरात ही जुनी रीत आहे. दुसऱ्याच्या पोराचं तोंड भरून कौतुक करायचं आणि ते आपल्या पोराला ऐकवायचं. आपल्याची स्तुती तोंडावर करायची नाही, पोर शेफारतं, शिवाय दृष्ट लागते. मी डॉक्टर झालो तेव्हा बाबा मला "बरं" एवढंच म्हणाले. अख्ख्या गल्लीत पेढे वाटताना ते काय काय बोलले, हे मला ते गेल्यावर दादाकडून कळलं.

मैत्रिणींना मराठी येत नव्हतं, पण स्वर कळला असावा. लेक घरापर्यंत दोन पावलं पुढेच चालत राहिली. दाराशी आल्यावर म्हणाली, "यू हॅव नेव्हर हर्ड मी प्ले, बाबा." आवाज चढला नव्हता. मग म्हणाली, गुरुवारी ती पाइप्स बँडला परत देऊन टाकणार आहे.

चार दिवस पेटी दारापाशी बाहेर काढून ठेवलेली होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. मी तर पिकलेलं चाखूनही पाहिलं नव्हतं. बुधवारी मी बायकोला त्या जूनमधल्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तिला सांग. नाहीतर तुला तिचं वाजवणं आवडत नाही, हेच ती आयुष्यभर धरून बसेल."

गुरुवारी मी लेकीबरोबर निघालो. वाटेत, दुसऱ्या बोळात, तिला सगळं सांगितलं: गच्चीवरची टाकी, फोन, खालून आलेली चाल. ती थांबली. कुठली चाल, तिने विचारलं. मला नाव कुठलं माहीत असायला? मी गुणगुणून दाखवली. माझा गळा यथातथाच, पण ती लगेच म्हणाली की ही तिला येते, बँडमधल्या सगळ्यांनाच येते. मग इंग्रजीतच, अगदी हळू विचारलं, की ऐकवू का. मी हो म्हणालो. भीती वाटत होती.

हॉलमध्ये तिने प्रमुखांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. बँड गोल करून उभा राहिला, मला सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. पिशव्या भरल्या, नळ्या घुमू लागल्या. आणि चाल सुरू होता होता त्या गोलातली एकच आकृती वळली आणि बाहेर तोंड करून उभी राहिली. नियमात बसत नाही ते. तिला कुणी टोकलं नाही.

ती माझ्याकडे बघत वाजवत होती. गाल फुगलेले, कपाळावर आठी, बाबांची असायची तशीच. उंच खिडक्यांतून तोच न संपणारा उजेड येत होता. मला पुन्हा ती गच्ची दिसली, टाकीचं झाकण दिसलं. मी रडलो. पण या वेळी बातमी द्यायला कुणाचा फोन येणार नव्हता. चाल फक्त चाल होती, आणि ती माझी मुलगी वाजवत होती.

संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि उभी राहिली.

"फार सुंदर वाजवलंस," मी म्हणालो.

आमच्या घराण्यात बापाने पोराला समोरासमोर असं म्हटलेलं मला तरी आठवत नाही. लाल होऊन बुटांकडे बघत तिने विचारलं, की गॅलिशियावाल्यांपेक्षाही?

खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हणालो, "नाचायचं असेल तर तेच. पण आजोबांसाठी तूच."

सराव संपला तेव्हाही बाहेर उजेड होता. तिने पेटी परत केली नाही. घरी येताना पेटी मी उचलली, आणि ती इतकी जड असते हे मला तोवर माहीतच नव्हतं.