पंखा घट्ट धरणारा जोतिबा

जोतिबाची उमर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. एक नट ढिला राहिला तर गाडी दरीत जाते, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. निवृत्त होऊन तो विट्याजवळच्या गावी आला, तेव्हापासून त्याच्या घरात बिजागरी कुरकुरली नाही की पंपावरचा पत्रा वाजला नाही. बायको वारल्यावर घरात दोघंच उरली, तो आणि लेक क्रांती.

क्रांती मुलांसाठी गोष्टी वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. पण प्रत्येक गोष्टीमागं एक घुमणारा आवाज यायचा, आणि गोष्टी घेणारी कंपनी काम परत पाठवायची.

"आप्पा, मी सांगलीत खोली बघते. तिथं स्टुडिओ भाड्यानं मिळतो," ती एकदा म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर जोतिबानं कॉम्प्युटरची पेटी उघडली. आतला पंखा थरथरत होता. त्यानं मशीन बंद केलं आणि पंख्याचे चारी स्क्रू मनगट दुखेपर्यंत आवळले. पुन्हा सुरू केलं, तर आता टेबलसुद्धा घुमायला लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुपवाड गाठलं. तिथं त्याच्या ओळखीच्या आदगोंडाचा रबरी सुटे भाग करायचा कारखाना होता.

"आवं फौजी, पंख्याला फाशी देताय व्हय?" आदगोंडा हसला. "जेवढं आवळाल, तेवढी थरथर पत्र्यात उतरंल. मधी रबर पायजे. ह्या रबरी खुंट्या न्या, अन् पंखा नुसता अडकवा."

"आन् पडला म्हंजे?"

"पडत न्हाई. जरा हलंल. हलू द्या की."

घरी येऊन जोतिबानं स्क्रू काढले आणि मऊ खुंट्या भोकांतून ओढून बसवल्या. बोट लावलं तर पंखा डुलला. त्याचा हात आपसूक स्क्रू आवळायच्या डिसमिसकडं गेला. त्यानं हात मांडीखाली दाबून धरला.

संध्याकाळी क्रांतीनं एक गोष्ट वाचली, मग ऐकली. मागं काहीच नव्हतं, फक्त तिचा आवाज.

"लय भारी केलंसा, आप्पा."

"मग आता खोली नको." त्याला विचारायचं होतं, पण तोंडातून हुकूमच निघाला.

क्रांती त्याच्याकडं वळली. "हा आवाज नसता तरी मी जाणारच होते, आप्पा. तुमाला सांगायला तो निमित्त म्हणून बरा पडला."

जोतिबा उठला नाही, रागावलाही नाही. घर इतकं शांत झालं होतं, की लेकीचा श्वास त्याला ऐकू येत होता.

"त्या खोलीला खिडकी हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय. उगवतीला."

"मग बरं," तो म्हणाला.